सेफ्टी इंट्राकॅथ आहे, व्हेन फाइंडर आहे, तरी शीर फुटते? या चुका टाळा

"सिस्टर, सगळ्या शिरा फुटल्यात हो माझ्या, जरा बघून टोचा." हे रोज ऐकावं लागतं. आता हाताशी टोक आपोआप झाकणारी इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत बसवायची प्लॅस्टिकची नळी, आत सुई असलेली) आहे, कातडीवर शिरांचं जाळं दाखवणारा व्हेन फाइंडर आहे, सोनोग्राफीचा प्रोबही आहे. घोळ होतो तो हात जुन्याच सवयीने चालतो म्हणून.

सगळ्यांत वाईट सवय म्हणजे नळी पुढे सरकेना की मागे घेतलेली सुई पुन्हा आत ढकलणं. सुईच्या धारेने प्लॅस्टिकची नळी आतून चिरते आणि तुटलेला तुकडा रक्तासोबत हृदयाकडे, फुप्फुसाकडे जाऊ शकतो. अशा वेळी सुई-नळी एकत्रच बाहेर काढा आणि नवीन घ्या. सेफ्टी इंट्राकॅथमध्ये तर सुई पूर्ण मागे आली की क्लिप टोकावर बसते, म्हणजे ती परत घालायचा प्रश्नच नाही. टोचण्याआधी "चालते का बघू" म्हणून सुई मागे ओढून पाहणंही तितकंच चूक.

नळी सरकत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, घाई. रक्त दिसलं म्हणजे फक्त सुईचं टोक शिरेत गेलं. नळीचं टोक त्याच्या जरा मागे असतं. कोन कमी करून सगळं मिळून 2-3 मिमी पुढे न्या, मग सुई स्थिर धरून नळी सरकवा.

व्हेन फाइंडरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश शोषतं म्हणून शीर काळी दिसते, पण ती किती खोल आहे हे त्यातून कळत नाही. साधारण 1 सेंमीपेक्षा खोल शिरा दिसतच नाहीत. यंत्र तिरकं धरलं तर प्रतिमाही सरकते. त्यामुळे बोटाने चाचपणं सुटत नाही. दाबल्यावर स्पंजासारखी वर येते ती शीर चांगली. कडक, दोरीसारखी लागली तर सोडून द्या.

सोनोग्राफीत लांबीचं गणित चुकतं. शीर 1.5 सेंमी खोल आणि कोन 45 अंशांचा असेल, तर शिरेपर्यंत पोचायलाच 2 सेंमीहून जास्त नळी खर्च होते. गुलाबी, म्हणजे 20 गेज जाडीची नळी साधारण 3 सेंमीची. शिरेत उरतो जेमतेम 1 सेंमी, आणि पेशंटने कोपर वाकवला की सलाइन बाहेर जाऊन हात सुजतो. इथे लांब कॅथेटरच हवा. आडव्या छेदात पडद्यावरचा पांढरा ठिपका टोकाचा आहे की सुईच्या दांड्याचा, हेही तपासा. प्रोब किंचित पुढे सरकवल्यावर ठिपका नाहीसा झाला, तर ते टोक.

टूर्निकेट, म्हणजे शीर फुगावी म्हणून हातावर बांधलेला पट्टा, सोडायला विसरणं, स्पिरिट वाळायच्या आत टोचणं, या चुका जुन्याच आहेत.

क्लिप बसली म्हणून सुई ट्रेमध्ये टाकून देऊ नका, ती थेट पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात जाते. टोपण परत लावायचं नाही. आणि वापरलेली सुई आपल्यालाच टोचली, तर बोट पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हावं लागतं. "ड्यूटी संपली की सांगते" म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ड्यूटी 8 तासांची असते.