दिवसाही जळणारा अंगणातला दिवा : फोटोसेल तपासण्याची आणि बदलण्याची रीत

फाटकावरचा, गोठ्यासमोरचा किंवा सोसायटीच्या गल्लीतला दिवा अंधार पडला की लागावा आणि उजाडले की विझावा, यासाठी दिव्याजवळ जी लहानशी डबी बसवलेली असते तिला दुकानदार फोटोसेल किंवा डे-नाईट सेन्सर म्हणतात आणि वायरमन नुसतेच सेन्सर म्हणतात. दिवा भर दुपारी जळताना दिसला की ही डबी गेली असे समजून ती काढून टाकली जाते, आणि नवी बसवल्यावरही दिवा तसाच जळत राहतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत असे पुष्कळदा घडते, कारण येथील धूळ, काजळी आणि पाऊस सेन्सर बिघडण्याच्या आधीच त्याला फसवतात. म्हणून बदलण्यापेक्षा तपासण्याला अधिक वेळ द्यावा.

आतील रचना थोडक्यात लक्षात घेतली तर पुढील तपासणी सोपी जाते. बहुतेक साध्या सेन्सरमध्ये कॅडमियम सल्फाइडची एक चकती असते. तिच्यावर प्रकाश पडला की तिचा विद्युतरोध कमी होतो आणि अंधारात तो कित्येक पटींनी वाढतो. हा फरक ओळखून आतील रिले (विजेने उघडझाप होणारा लहान स्विच) किंवा तापून वाकणारी धातूची पट्टी दिव्याकडे जाणारा फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, जोडते अथवा तोडते. बऱ्याच सेन्सरची मांडणी मुद्दाम अशी केलेली असते की आतला भाग निकामी झाला तर दिवा बंद न राहता चालू राहावा, कारण रस्त्यावर रात्री अंधार होण्यापेक्षा दिवसा दिवा जळलेला परवडतो. विजेची चमक किंवा गाडीचा प्रखर झोत यांनी दिवा विझू नये म्हणून प्रतिसादाला काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांपर्यंतचा विलंबही ठेवलेला असतो. डोमवर, म्हणजे सेन्सरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर, हात धरून लगेच दिवा लागला नाही म्हणून सेन्सर बाद ठरवणे त्यामुळे घाईचे ठरते.

कामाला हात घालण्यापूर्वी वीज खरोखर बंद झाली आहे याची खात्री करावी, आणि येथे आपल्याकडील एक अडचण ध्यानात ठेवावी. ज्या घरांत इन्व्हर्टर आहे तेथे बाहेरचा दिवा पुष्कळदा इन्व्हर्टरच्या लाइनवर दिलेला असतो, त्यामुळे मेन स्विच पाडला तरी वायरमध्ये 230 व्होल्ट कायम राहतात. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो शाबूत असल्याचे पाहावे, मग मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत आणि त्यानंतरच टेस्टर सेन्सरच्या प्रत्येक वायरला लावावा. ओल्या जमिनीवर अॅल्युमिनियमची शिडी लावून हे काम करू नये. रस्त्यावरील खांबाला तर स्वतः हातच लावू नये. त्याची तक्रार ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे द्यावी. पुढे सांगितलेली चालू विजेवरील मोजमापे ज्यांना मल्टिमीटर वापरण्याचा सराव आहे त्यांनीच करावीत, इतरांनी परवानाधारक वायरमन बोलवावा.

दिवा दिवसा जळत असेल तर पहिल्यांदा सेन्सरचा डोम जवळून पाहावा. ऊस गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि डोमवरही काजळीचा थर बसतो; बोट फिरवले तर प्लॅस्टिकवर स्वच्छ रेघ उमटते आणि बोट काळे होते. तासगाव भागात द्राक्षबागेला लागून शेड असेल तर फवारणीचे पांढुरके-निळसर डाग पडलेले आढळतात. कधी कुंभारीण माशीने डोमला चिकटूनच मातीचे घर बांधलेले असते. अशा सेन्सरला दुपारीही संध्याकाळच वाटते. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने डोम पुसावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, कारण त्याने प्लॅस्टिक कायमचे धुरकट होते. पुसल्यानंतर वीज सुरू करावी; डोम उन्हात येत असेल तर दोन-तीन मिनिटे थांबावे, सावलीत असेल तर मोबाइलचा टॉर्च अगदी टेकवून धरावा. दिवा विझला तर सेन्सर चांगला आहे आणि दोष मळाचा किंवा जागेचा आहे. पोर्चच्या छताखाली, वाढलेल्या आंब्याच्या फांदीआड किंवा पत्र्याच्या पन्हळीखाली बसवलेला सेन्सर पावसाळ्यात ढग दाटले की दिवसभर दिवा चालू ठेवतो, त्याला काहीही झालेले नसते. मात्र माण, खटाव, जत, आटपाडीच्या कडक उन्हात वर्षानुवर्षे राहून डोमच पिवळा पडला असेल आणि त्यात बारीक तडे गेले असतील, तर पुसण्याचा उपयोग होत नाही.

स्वच्छ डोमवर भरपूर प्रकाश असूनही दिवा जळतच राहिला, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरच्या अंगाला हलकेच दोन-तीन टिचक्या द्याव्यात. एखादा बारीक ‘टक्’ आवाज होऊन दिवा विझला, तर रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले होते असे खुशाल समजावे. जुने बल्ब काढून एलईडी बसवल्यानंतर ही तक्रार वाढलेली दिसते, आणि त्याला कारण आहे. एलईडीच्या ड्रायव्हरमधील, म्हणजे तिला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटमधील, कपॅसिटर चालू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. तो क्षणमात्रच टिकतो, पण रोज संध्याकाळी तेवढ्या ठिणगीने संपर्कबिंदू थोडेथोडे वितळत जातात. टिचकीने सुटलेला सेन्सर बहुधा लवकरच पुन्हा चिकटतो, म्हणून तो बदलावाच. एखाद्याला हा खर्च नको वाटेल, परंतु 50 वॅटचा फ्लडलाइट दिवसाचे बारा तास विनाकारण जळला तर महिन्याला सुमारे 18 युनिट वाया जातात.

आता उलट तक्रार, म्हणजे दिवा रात्रीही न लागणे. येथे सेन्सरचा क्रमांक शेवटी लावावा. एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) पडलेला नाही ना, बल्ब किंवा फिटिंग गेलेले नाही ना, हे आधी पाहावे. मग डोमवर काळी इन्सुलेशन टेप दोन थरांत गुंडाळून पूर्ण अंधार करावा आणि पाच मिनिटे वाट पाहावी. दिवा लागला तर शेजारच्या दिव्याचा किंवा रस्त्यावरील दिव्याचा प्रकाश डोमवर पडत होता, एवढाच अर्थ निघतो आणि सेन्सरचे तोंड फिरवले की काम होते. लागला नाही तर मल्टिमीटरने सेन्सरच्या येणाऱ्या फेज आणि न्यूट्रल (वीज परतण्याची वायर) यांमध्ये व्होल्टेज मोजावे. तेथे साधारण 230 व्होल्ट नसतील तर दोष मागच्या वायरिंगमध्ये आहे. येणारी वीज ठीक आहे आणि डोम झाकूनही दिव्याकडे जाणाऱ्या वायरवर काही येत नसेल, तरच सेन्सर गेला. दिव्याकडे पूर्ण व्होल्टेज पोहोचत असेल आणि तरी दिवा लागत नसेल, तर सेन्सरला विनाकारण दोष देऊ नये. फिटिंगमधील ड्रायव्हर पाहावा.

या मोजमापात केवळ टेस्टरवर विसंबणे धोक्याचे आहे. तुटलेल्या वायरवरही शेजारून जाणाऱ्या फेजमुळे टेस्टर मंद पेटतो आणि डिजिटल मीटरही कधीकधी खोटे साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. शंका आली तर होल्डरला दोन वायरी जोडलेला जुना पिवळा बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्ये लावून पाहावा; त्या वायरीत जोर नसेल तर तो लागणारच नाही. फेज अर्थिंगशी नव्हे तर सेन्सरच्याच न्यूट्रल वायरशी मोजावा, कारण सुटलेला न्यूट्रल हाच पुष्कळ वेळा खरा चोर असतो. घरातील इतरही काही उपकरणे त्याच दिवशी जळाली असतील तर नवा सेन्सर आणण्याआधी मुख्य न्यूट्रल तपासून घ्यावा. थ्री-फेज जोडणीत तो तुटला की एखाद्या फेजवर 230 ऐवजी त्याहून खूपच जास्त व्होल्टेज येते आणि नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो.

सतत लागणारा-विझणारा दिवा बहुतेकदा स्वतःच्याच प्रकाशाला फसलेला असतो. दिवा लागतो, त्याचा उजेड चुना दिलेल्या भिंतीवरून डोमवर परततो, सेन्सर सकाळ झाली असे धरून दिवा विझवतो, आणि अंधार होताच पुन्हा तेच सुरू होते. डोम टेपने झाकल्यावर हे थांबले तर सेन्सर दिव्याच्या वर किंवा मागील बाजूस हलवावा. टेप लावूनही दिवा विझत असेल आणि तो जुना सोडियमचा असेल, तर त्या बल्बचे आयुष्य संपत आले आहे. असा बल्ब विझून थंड होतो आणि काही मिनिटांनी तांबूस मंद पेटत पुन्हा उजळतो. शेतातील वस्तीवर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरते आणि रिले टरटर वाजू लागतो, त्यावर सेन्सर बदलून फारसा लाभ होत नाही.

नवा सेन्सर घेताना पुठ्ठ्यावरील 10 अँपियरचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तो आकडा साध्या बल्बसारख्या भारासाठी असतो. एलईडीसाठी अशा सेन्सरवर चार-पाचशे वॅटपेक्षा जास्त भार टाकू नये असे माझे मत आहे. मंगल कार्यालय, शाळेचे मैदान किंवा बाजार समितीचे आवार असेल तर सेन्सरने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा भार जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि दिवे कॉन्टॅक्टरवर घ्यावेत. उघड्यावर बसणाऱ्या सेन्सरवर आयपी 65, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाची खूण, लिहिलेले असावे. फिटिंगच्या आतच सेन्सर असलेल्या एलईडी दिव्यात आतील सर्किट उकरत बसण्यापेक्षा तो भाग वगळून बाहेरून स्वतंत्र सेन्सर जोडणे सोयीचे पडते. सौर दिव्यांत वेगळा फोटोसेल पुष्कळदा नसतोच. पॅनेलचे व्होल्टेज पडले की रात्र झाली असे त्याचे सर्किट मानते, म्हणून तेथे पॅनेल पुसावे.

जोडणीतील सर्वांत मोठा धोका रंगांचा आहे. आपल्या घरांतील वायरिंगमध्ये लाल वायर फेजची आणि काळी न्यूट्रलची असते, पण बाजारातील तीन वायरींच्या पुष्कळ सेन्सरवर काळी वायर येणाऱ्या फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि लाल दिव्याकडे जाणाऱ्या फेजची असते. रंगाला रंग जोडला, तर आतील संपर्क जुळताच फेज आणि न्यूट्रल थेट भिडतात आणि सेन्सर पहिल्याच क्षणी जळतो. म्हणून जुनी जोडणी सोडण्यापूर्वी मोबाइलवर तिचा फोटो काढावा आणि नव्या सेन्सरच्या अंगावरील आकृती वाचून घरचा फेज काळ्या वायरीला, घरचा न्यूट्रल पांढऱ्या वायरीला आणि दिव्याच्या न्यूट्रलला मिळून, आणि सेन्सरची लाल वायर दिव्याच्या फेजला जोडावी. आकृतीत रंग वेगळे दिले असतील तर आकृतीच खरी धरावी. सेन्सर न्यूट्रलवर बसवला तरी दिवा लागतो-विझतो, पण विझलेल्या दिव्यातही फेज राहतो. बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो आणि विझल्यावरही एलईडी मिणमिणत राहू शकतो.

वायरीचे टोक साधारण एक सेंटिमीटर सोलून कनेक्टरमध्ये घट्ट कसावे. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी बाहेरच्या दिव्याला चालत नाही. जोड बंद डबीत घ्यावा, वायर डबीत खालच्या बाजूने शिरवावी आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी तेथेच टपकून जाते. डबीच्या वरच्या फटी सिलिकॉनने बुजवाव्यात, पण तळाचे बारीक भोक मोकळे राहू द्यावे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरात पाणी कोठून तरी शिरतेच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. डोमचे तोंड उत्तरेकडे ठेवावे. तेथे थेट ऊन न पडता आकाशाचा सम प्रकाश मिळतो, आणि आपल्याकडील पावसाचा मारा नैऋत्येकडून येत असल्याने डोम त्यापासूनही वाचतो.

सांगलीत 2019 आणि 2021 च्या पुरात जसे झाले तसे कृष्णेचे पाणी फाटकाच्या खांबापर्यंत चढले असेल, तर बुडालेला सेन्सर वाळवून पुन्हा वापरू नये. तो काही दिवस चालतोही, परंतु सर्किटवर बसलेला गाळ पुढच्या दमट हवेत वीज वाहू लागतो. त्याच वेळी जोडणीची डबी उघडून पुसावी आणि गंजलेले कनेक्टर बदलावेत.

बसवून झाल्यावर वीज सुरू केली की दिवा भर दिवसाही मिनिटभर लागू शकतो. तो आपोआप विझेपर्यंत थांबावे, मग टेपने डोम झाकून तो लागतो का ते पाहावे आणि टेप काढायला विसरू नये. त्याच संध्याकाळी अर्धा तास लक्ष ठेवून दिवा लुकलुकत नाही ना याची खात्री करावी. काढलेला सेन्सर कॅडमियममुळे कचऱ्यात किंवा शेतात न टाकता ई-कचऱ्यात द्यावा. यापुढे गळीत हंगाम संपल्यावर एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, वीज बंद करून, डोम ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.