पंपाच्या आतले सगळे पार्ट एकाच क्वेरीत

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांना हे कायम लागतं, पंपात कुठले पार्ट, त्या पार्टच्या आत परत काय, आणि बरेच जण लूप लावून प्रत्येक पार्टला डेटाबेसवर वेगळी क्वेरी मारत बसतात, मग स्क्रीन उघडायलाच वेळ. टेबलात पॅरेंट आयडी (हा पार्ट कुठल्या पार्टच्या आत बसतो, त्याचा आयडी) असेल तर एसक्यूएलमधलं विथ रिकर्सिव्ह वापरा भावांनो, त्यात क्वेरी स्वतःच्याच निकालावर परत परत चालते.

१. विथ रिकर्सिव्ह लिहून नाव द्या, समजा झाड.
२. कंसात पहिला सिलेक्ट फक्त मूळ पंपाची ओळ आणणारा, लेव्हल ०.
३. मग दोन्ही निकाल एकाखाली एक जोडणारं युनियन ऑल, आणि दुसरा सिलेक्ट पार्टचं टेबल झाडाला जॉइन करणारा, पार्टचा पॅरेंट आयडी बरोबर झाडाचा आयडी, लेव्हल अधिक १.
४. कंसाबाहेर झाडातून सिलेक्ट. झालं.

उलटं हवं असेल, म्हणजे हे बेअरिंग कुठल्या पंपातलं, तर बेअरिंगपासून सुरू करून जॉइनची अट फिरवा. पटकन शोध लागायला पॅरेंट आयडीवर इंडेक्स पाहिजेच. मायएसक्यूएल ८.० पासून चालतं, ५.७ वर नाही, एसक्यूएल सर्व्हरला नुसतं विथ.

एक मात्र सांभाळा, डेटा भरताना कुणी पार्टला त्याच्याच पोटातला पार्ट पॅरेंट म्हणून दिला की क्वेरी गोल गोल फिरते, पोस्टग्रेस डेटाबेस तर स्वतःहून थांबतच नाही. सारख्या ओळी गाळणारं नुसतं युनियन (ऑल न लिहिता) लावूनही भागत नाही कारण लेव्हल दरवेळी बदलते, ओळ सारखी होतच नाही. म्हणून दुसऱ्या सिलेक्टमध्ये लेव्हल २० पेक्षा कमी अशी अट टाकूनच ठेवा.