लॉक फाइल उडवू नका : टर्मिनलवरून प्रोजेक्टच्या डिपेन्डन्सी कशा सांभाळायच्या

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि एनपीएम (डिपेन्डन्सी, म्हणजे आपला प्रोजेक्ट ज्या तयार पॅकेजेसवर उभा असतो ती, बसवणारं टूल) मशीनवर आहे, गिट आहे, प्रोजेक्ट टर्मिनलमध्ये उघडलाय असं धरून चालते. उदाहरणं एनपीएमची घेतलीत, कारण सगळ्यात जास्त जण तिथेच अडकलेले दिसतात. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या स्पेलिंगनेच टाकायच्या.

आधी एक सांगून टाकते. काहीही फुटलं की "नोड मॉड्यूल्स डिलीट कर, लॉक फाइल डिलीट कर आणि परत इन्स्टॉल मार" असा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्यातलं पहिलं ठीक आहे, नोड मॉड्यूल्स, म्हणजे पॅकेजेस जिथे बसतात तो फोल्डर, कधीही परत बनतो. पण लॉक फाइल म्हणजे काल चालत असलेल्या प्रोजेक्टमध्ये कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन होतं याची एकमेव नोंद. ती उडवली की एनपीएम सगळ्या पॅकेजेसची व्हर्जन्स आजच्या हिशोबाने नव्याने ठरवतं, जुनी एरर गेली असं वाटतं आणि तिच्या जागी भलतीच काहीतरी भानगड उभी राहते जिचा तुमच्या बदलाशी काडीचा संबंध नसतो, मग बसा शोधत.

१. पॅकेज घ्यायच्या आधी

एनपीएम व्ह्यू आणि पुढे पॅकेजचं नाव. शेवटचं व्हर्जन कधी आलं, त्याच्या स्वतःच्या डिपेन्डन्सी किती, डेप्रिकेटेड (म्हणजे आता वापरू नका असं सांगितलेलं) आहे का, हे सगळं एका स्क्रीनवर दिसतं. स्पेलिंग तर दोनदा बघाच. २०१७ मध्ये क्रॉस-एन्व्ह या पॅकेजची मधली डॅश काढून क्रॉसएन्व्ह नावाचं वेगळंच पॅकेज रजिस्ट्रीवर, म्हणजे एनपीएम जिथून पॅकेजेस आणतं त्या साठ्यावर, आलं होतं आणि ते लोकांच्या मशीनवरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स गुपचूप बाहेर पाठवत होतं. आणि दोन ओळींचं काम असेल तर पॅकेज घेऊच नका, स्वतः लिहा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रजिस्ट्रीवरून काढून घेतलं तर बेबलसारख्या (जावास्क्रिप्टचा कोड रूपांतरित करणाऱ्या) मोठ्या टूलचे बिल्ड पडले होते.

२. इन्स्टॉल

एनपीएम इन्स्टॉल, पुढे नाव. फक्त टेस्ट किंवा बिल्डला लागणारं असेल तर --सेव्ह-डेव्ह. झालं.

३. त्या छोट्या टोपीकडे बघा

इन्स्टॉल केल्यावर पॅकेज जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या डिपेन्डन्सींची यादी असलेल्या फाइलमध्ये, व्हर्जनच्या आधी ^ येतो, कॅरेट. ^१८.२.० म्हणजे १८.२.० किंवा त्याच्या पुढचं काहीही चालेल पण १९ नको. टिल्ड असेल तर त्याहून कडक, ~१८.२.० म्हणजे १८.२ च्या आतलेच पॅचेस. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण पहिला आकडा शून्य असला की कॅरेटची वागणूक बदलते, ^०.२.३ हे ०.३.० च्या अलीकडेच थांबतं आणि ^०.०.३ तर फक्त ०.०.३ च घेतं. म्हणजे शून्यवाल्या लायब्ररीचं नवीन व्हर्जन आलंय आणि एनपीएम अपडेट मारूनही ते येत नाहीये, तर एनपीएम बिघडलेलं नाहीये, ते नियमाने चाललंय.

४. लॉक फाइल कमिट करा, सर्व्हरवर एनपीएम सीआय वापरा

लॉक फाइल गिटमध्ये गेलीच पाहिजे, यावर वाद नको. गिट इग्नोरमध्ये टाकली असेल तर आत्ता काढा. आणि बिल्ड सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय. ही कमांड नोड मॉड्यूल्स आधी साफ करते, लॉकमध्ये आहे तेच अगदी तसंच बसवते, आणि पॅकेज जेसन आणि लॉक यांचं जुळत नसेल तर सरळ एरर देऊन थांबते. लोकांना हे थांबणं आवडत नाही. मला त्यातच तिचा सगळा फायदा दिसतो.

५. ईरिझॉल्व्ह, म्हणजे खरी डोकेदुखी

बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा. नवीन पॅकेज टाकायला जाता आणि टर्मिनल लाल होतं, ईरिझॉल्व्ह, अनेबल टू रिझॉल्व्ह डिपेन्डन्सी ट्री, आणि खाली पंधरा-वीस ओळींचा ढीग. मला कितीतरी दिवस ती एरर म्हणजे नुसता गोंगाट वाटायची, कारण मी ती वरून खाली वाचत होते. तशी वाचायचीच नाही.

आधी हे होतं का ते बघू. रिअ‍ॅक्ट ही स्क्रीन बनवायची लोकप्रिय लायब्ररी, तीच उदाहरणाला घेऊ. पीअर डिपेन्डन्सी म्हणजे दुसरी एखादी लायब्ररी म्हणते की मला रिअ‍ॅक्ट लागतं, पण मी माझं वेगळं आणणार नाही, तुमच्या प्रोजेक्टमध्ये जे आहे तेच वापरीन, फक्त ते या या रेंजमधलं असू दे. याला कारण आहे, एकाच अ‍ॅपमध्ये रिअ‍ॅक्टच्या दोन कॉप्या आल्या की हुक्स (रिअ‍ॅक्टमधली खास फंक्शन्स) गंडतात आणि ती कुप्रसिद्ध इन्व्हॅलिड हुक कॉलची एरर येते. एनपीएम ३ पासून ६ पर्यंत ही रेंज जुळली नाही तर फक्त वॉर्निंग यायची आणि ती कोणी वाचत नव्हतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एनपीएम ७ आलं, ते पीअर डिपेन्डन्सी स्वतःहून बसवायला लागलं आणि तुमच्या थेट डिपेन्डन्सीत भांडण दिसलं की थांबायला लागलं. नोड १४ बरोबर एनपीएम ६ यायचं, नोड १६ बरोबर त्याच्या पुढचं. त्यामुळे "कोडमध्ये काहीच बदललं नाही, फक्त नोड अपग्रेड केलं आणि इन्स्टॉलच होईना" ही तक्रार ऐकली की भांडण आधीपासून होतंच, फक्त आता ते ऐकू आलं, असं समजायचं.

आता वाचायचं कसं. ढिगातल्या दोनच जागा शोधा. एक, फाउंड असं लिहिलेली ओळ, तिथे तुमच्याकडे काय आहे ते असतं. दुसरी, कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेन्डन्सीच्या लगेच खालची, तिथे कोण काय मागतंय ते असतं. समजा प्रोजेक्टमध्ये रिअ‍ॅक्ट १८ आहे आणि तुम्ही मटेरिअल-यूआयचं (बटणं, फॉर्म असे तयार भाग देणारी लायब्ररी) चौथं व्हर्जन टाकताय, तर एक ओळ म्हणेल फाउंड रिअ‍ॅक्ट १८.२.० आणि दुसरी म्हणेल पीअर रिअ‍ॅक्ट ^१६.८.० || ^१७.०.०, आणि त्याच ओळीत फ्रॉमच्या पुढे मागणाऱ्याचं नाव. एवढंच. अमक्याला १६ किंवा १७ हवंय, तुमच्याकडे १८ आहे. बाकीच्या ओळी सजावट.

आणि मग सगळ्यात खाली एनपीएम स्वतःच सुचवतं, --फोर्स किंवा --लेगसी-पीअर-डेप्स लावून बघा. सगळे जण तिथूनच कॉपी मारतात, पण त्याच वाक्याचा शेवट कोणी वाचत नाही, तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की असं केलंत तर डिपेन्डन्सींची चुकीची आणि कदाचित मोडकी जुळणी तुम्ही स्वीकारताय. जो फ्लॅग स्वतःच असं सांगतो तो पहिला उपाय कसा काय असू शकतो?

मी ज्या क्रमाने जाते तो असा. पहिल्यांदा बघते की मागणाऱ्या लायब्ररीचं नवीन व्हर्जन माझं रिअ‍ॅक्ट मान्य करतंय का. एनपीएम व्ह्यू, लायब्ररीचं नाव, अ‍ॅट लेटेस्ट, आणि पुढे पीअरडिपेन्डन्सीज, की लगेच रेंज समोर येते. बरीच भांडणं इथेच मिटतात. पण एक फसवी गोष्ट असते, कधी कधी नवीन व्हर्जन वेगळ्याच नावाने येतं. वरचंच उदाहरण घ्या, मटेरिअल-यूआयचं पाचवं व्हर्जन २०२१ मध्ये एमयूआय या नव्या स्कोपखाली (पॅकेजच्या नावाआधीचा उपसर्ग) आलं, त्यामुळे जुन्या नावाने कितीही शोधलं तरी तुम्ही चारवरच फिरत राहणार आणि एनपीएम आउटडेटेडसुद्धा काही बोलणार नाही. इन्स्टॉल करताना पिवळ्या रंगात जी डेप्रिकेटेडची ओळ येते तीत बहुतेक वेळा नवीन नाव दिलेलं असतं, ती वाचायची सवय लावा.

नवीन व्हर्जन नसेलच, तर दुसरा पर्याय म्हणजे आपण खाली उतरायचं, रिअ‍ॅक्ट १७ वर थांबायचं. लोकांना यात कमीपणा वाटतो. का ते मला कळत नाही, अ‍ॅप चालतंय ना, मग महिनाभर १७ वर राहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, तोवर त्या लायब्ररीला पर्याय शोधा.

तिसरा पर्याय ओव्हरराइड्स. लायब्ररी १८ वर व्यवस्थित चालते, तुम्ही टेस्ट करून बघितलंय, फक्त तिच्या लेखकाने रेंज वाढवायचं मनावर घेतलं नाहीये, अशा वेळी पॅकेज जेसनमध्ये ओव्हरराइड्सचा ब्लॉक लिहून त्या एका लायब्ररीपुरतं सांगायचं की हिला माझंच रिअ‍ॅक्ट द्या, व्हॅल्यू म्हणून $रिअ‍ॅक्ट लिहिलं की वर थेट डिपेन्डन्सीमध्ये जे व्हर्जन आहे तेच लागतं. ही सोय एनपीएम ८.३ पासून आहे. लायब्ररीचं नाव लिहून तिच्या आतच ओव्हरराइड करा, सरसकट वरच्या पातळीवर लिहिलं तर डिपेन्डन्सींच्या सगळ्या झाडाला लागू होतं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच पॅकेजला त्याचा फटका बसतो. जेसनमध्ये कमेंट लिहिता येत नाही, म्हणून ओव्हरराइड का टाकला ते कमिट मेसेजमध्ये नीट लिहून ठेवा, नाहीतर नंतर तो काढायची हिंमत कोणाची होत नाही. आणि ओव्हरराइड फक्त मुख्य प्रोजेक्टच्या पॅकेज जेसनमधलाच चालतो, तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर तिच्यातला ओव्हरराइड वापरणाऱ्याकडे लागू होत नाही.

फ्लॅग सगळ्यात शेवटी. वापरायचाच असेल तर --लेगसी-पीअर-डेप्स, आणि हे लक्षात ठेवा की त्या फ्लॅगने बनवलेली लॉक फाइल एनपीएम सीआयलाही त्याच फ्लॅगने द्यावी लागते, नाहीतर तुमच्या मशीनवर सगळं गुळगुळीत आणि बिल्ड सर्व्हरवर लाल. त्यामुळे तो प्रोजेक्टच्या एनपीएमआरसी (एनपीएमच्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये लिहा आणि ती कमिट करा. एनपीएम कॉन्फिग सेटने तो आख्ख्या मशीनला लावून टाका असा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहा. मग तुमच्या कुठल्याच प्रोजेक्टमधलं भांडण तुम्हाला कधी दिसणार नाही, पण टीममधल्या बाकी सगळ्यांना दिसेल आणि दोष कोणाचा यावर अर्धा दिवस जाईल.

कुठलाही मार्ग घेतला तरी शेवटी एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट मारा. झाडात रिअ‍ॅक्ट जिथे जिथे आहे तिथे एकच व्हर्जन आणि पुढे डीड्यूप्ड (म्हणजे वेगळी कॉपी नाही, तीच वापरलीय) दिसलं तर बरं. इन्व्हॅलिड दिसलं किंवा दोन वेगळी व्हर्जन्स दिसली तर काम संपलेलं नाहीये. आणि जे पॅकेज तुम्ही कधी मागितलंच नाही ते आत कसं आलं हे विचारायचं असेल तर एनपीएम एक्सप्लेन, ते मागणाऱ्यांची साखळी थेट तुमच्या प्रोजेक्टपर्यंत आणून दाखवतं.

६. लॉक फाइलमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट

हाताने सोडवू नका. आधी पॅकेज जेसनमधला कॉन्फ्लिक्ट सोडवा, मग एनपीएम इन्स्टॉल, लॉकमधल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा एनपीएम ओळखतं आणि निस्तरतं. नुसती लॉकच नीट करायची असेल तर --पॅकेज-लॉक-ओन्ली.

७. अपडेट

एनपीएम आउटडेटेड तीन आकडे दाखवतं, करंट, वॉन्टेड आणि लेटेस्ट. वॉन्टेडपर्यंत एनपीएम अपडेट नेतं, कारण ते कॅरेटच्या हद्दीत असतं. लेटेस्टला मेजर उडी (पहिला आकडा बदलणारी) असेल तर एका वेळी एकच पॅकेज, चेंजलॉग वाचून, वेगळ्या कमिटमध्ये. सगळं एकदम उडवून मग "काहीतरी तुटलंय" म्हणणाऱ्याला मदत करायला मी तरी जात नाही.

८. ऑडिट

एनपीएम ऑडिट पॅकेजेसमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधतं आणि बरीच आरडाओरड करतं. आधी --ओमिट=डेव्ह लावून बघा, म्हणजे प्रत्यक्ष युजरपर्यंत जाणाऱ्या पॅकेजेसमधलं काय आहे ते कळतं, बिल्ड टूलमधल्या वॉर्निंगा नंतर बघता येतात. एनपीएम ऑडिट फिक्स चालेल. त्याला --फोर्स लावू नका, ते मेजर व्हर्जन्स बदलून टाकतं आणि परत पाचव्या पायरीवर आणून सोडतं.

९. काढून टाकणं

एनपीएम अनइन्स्टॉल. फक्त पॅकेज जेसनमधली ओळ खोडून सोडू नका, लॉक मागे राहतं.

दुसरं टूल किंवा दुसरी भाषा असेल तर कमांडची नावं बदलतात, काम तेच. कोण मागतंय हे यार्न आणि पीएनपीएममध्ये व्हाय सांगतं, रस्टमध्ये कार्गो ट्री -आय. पायथॉनमध्ये आधी व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरती वेगळी जागा), आणि बसवलेल्यांचं आपसात जुळतंय का ते पिप चेक सांगतं, पण पिप फ्रीझला लॉक फाइल समजू नका, त्यात तुम्ही मागितलेलं आणि त्याच्यामागून आलेलं सगळं एकत्र कालवलेलं असतं, नंतर वेगळं करता करता नाकी नऊ येतात, त्यापेक्षा पिप-टूल्स किंवा पोएट्री घ्या. पीएचपीमध्ये कंपोजर इन्स्टॉल लॉक पाळतं आणि कंपोजर अपडेट लॉक नव्याने लिहितं, त्यामुळे सर्व्हरवर अपडेट कधीच मारायचं नाही, आणि एखादं व्हर्जन का बसत नाहीये हे कंपोजर व्हाय-नॉटला विचारायचं.