नाचणीच्या लाडवाच्या डब्यावर दावा कसा छापावा

एफएसएसएआयचा (म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर, घटकांची यादी, वजन, तारखा हे सगळं जागेवर आहे असं धरतो. नसेल तर आधी ते करा. इथे बोलायचंय ते डब्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत जे लिहायची हौस असते त्याबद्दल.

पहिलं काम : मनातले सगळे दावे एका कागदावर उतरवा.

दुसरं : ज्या ओळीत रोगाचं नाव आहे तिच्यावर काट मारा. ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘बीपी कमी करते’, सगळं. अन्नाने रोग बरा होतो असं म्हणायला 2018 च्या जाहिरात व दावे विनियमांत मनाई आहे. मधुमेहासारख्या आजारांवर इलाजाची जाहिरात तर 1954 च्या चमत्कारी उपायांच्या कायद्यातही अडकते. ‘अमुक डॉक्टरांनी शिफारस केलेले’ हेही नको, डॉक्टर तुमचे सख्खे मेहुणे असले तरी.

तिसरं काम हिशेबाचं, आणि इथेच मी आपटलो होतो.

मला एकानं छातीठोक सांगितलं, ‘नाचणीत फायबर भरपूर, मग लाडवात भरपूरच की!’ मी शाहूपुरीतल्या एका प्रेसमधून ‘फायबरने भरपूर’ असे 2000 डबे छापून आणले. नंतर शांतपणे वही घेऊन बसलो. एक किलो लाडवात माझं पीठ 400 ग्रॅम, गूळ 350, तूप 250. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये फायबर सुमारे 11 ग्रॅम. गुळा-तुपात फायबर नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे 100 ग्रॅम लाडवात उरलं साधारण 4.4 ग्रॅम. ‘भरपूर’ म्हणायला लागतात 6 ग्रॅम, ‘स्रोत’ म्हणायला 3. माझा लाडू फायबरचा स्रोत होता, भरपूर नव्हता. ऐन दिवाळीच्या तोंडावर घरची सगळी माणसं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या एका शब्दावर स्टिकर चिकटवत बसली. आईनं सुनावलं, ‘लाडू वळायला इतका वेळ लागत नाही.’

तेव्हा दावा कच्च्या मालावर ठरवू नका, डब्यात जे जातं त्यावर ठरवा. नाचणीचे आकडे दाखवून लाडू विकायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. त्यांनी लाडू खाल्लेले असतात, छापलेले नसतात. वहीतला हिशेब हा अंदाज. तो जुळला की तयार लाडवाचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल हातात आल्यावरच प्रेसची पायरी चढा. पुढे तूप कमी-जास्त केलंत तर पुन्हा मोजा.

आता गूळ. कोल्हापुरात राहून ‘गुळाचे आहेत म्हणजे शुगर-फ्री’ हे रोज ऐकायला मिळतं. अहो, गूळ म्हणजे उसाचा आटवलेला रस! माझ्या लाडवात 100 ग्रॅमला जवळजवळ 30 ग्रॅम साखर येते, आणि ‘शुगर-फ्री’ची मर्यादा आहे अर्धा ग्रॅम. ‘साखर घातलेली नाही’ हेही चालत नाही, कारण त्यात मध, काकवी असली गोडीही मोजतात. सरळ ‘कोल्हापुरी गुळाचे लाडू’ लिहा. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे आणि गिऱ्हाईक त्यावरच डबा उचलतं. फक्त गूळ खरोखर इथला हवा. मार्केट यार्डातली पावती फाईलला लावा.

‘कॅल्शियम हाडांसाठी आवश्यक असते’ असं वाक्य चालू शकतं, कारण ते कॅल्शियमबद्दल आहे, तुमच्या लाडवाबद्दल नाही. तरीही लाडू अहवालात कॅल्शियमचा ‘स्रोत’ ठरला असेल तरच ते छापा, असं माझं ठाम मत. ‘आमचे लाडू हाडे मजबूत करतात’ हे मात्र नको.

शेवटी तेच शब्द व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, स्टॉलच्या फ्लेक्सवर, सगळीकडे तपासा. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात जाहिरातीची व्याख्या प्रकाश, आवाज, धूर, वायू इथून सुरू होऊन वेष्टन आणि बिलापर्यंत पोचते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड 10 लाखांपर्यंत आहे. धुरानं जाहिरात करणारा मला अजून भेटलेला नाही, पण माझ्या बिलबुकावर ‘शक्तिवर्धक’ असा रबरी शिक्का होता. तो आता पोरं खेळायला घेतात.