उन्हाळी वाऱ्यात पोर्तुगालचा किनारी कामिनो कसा चालावा

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला जाणारी तीर्थयात्रेची वाट. पोर्तोहून निघणारी किनाऱ्याची वाट साधारण 280 किलोमीटरची. मोठे चढ फारसे नाहीत, म्हणून ती सोपी समजली जाते. पण यात्रेकरू चालतो उत्तरेला, आणि उन्हाळ्यात या किनाऱ्यावरचा ‘नोर्तादा’ वारा येतो उत्तरेकडूनच, थेट तोंडावर. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळचा हवेचा जास्त दाब आणि तापलेल्या इबेरियन (स्पेन-पोर्तुगालच्या) भूभागावरचा कमी दाब यांतून तो वाहतो. त्यामुळे दुपारी जोर धरतो, सकाळी बहुधा नरम असतो. चालण्याचं वेळापत्रक यावरच बसवायचं.

आदल्या रात्री अंदाज पाहा. पोर्तुगालमध्ये ‘आयपीएमए’ या हवामान संस्थेचा, सीमेपलीकडे स्पेनमध्ये ‘मेतेओगालिसिया’चा. सरासरी वेगापेक्षा झोतांचा आकडा महत्त्वाचा, कारण वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो. मग उजाडताच निघा आणि उघड्या किनाऱ्याचा टप्पा दुपारपूर्वी उरका. उशीर झालाच तर हट्ट नको. बऱ्याच ठिकाणी समुद्रालगतची वाट आणि गावांतून जाणारी अधिकृत वाट वेगळ्या आहेत. आतली घ्या, घरं-भिंती आडोसा देतात. मात्र खरं वादळ असेल तर निलगिरीच्या रानातून जाऊ नका, फांद्या तुटतात.

पाठपिशवी भरताना जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा, बाहेर काहीही लटकवू नका. बाहेर बांधलेली चटई शिडासारखी वारा धरते. पोंचो तर घरीच ठेवा. अंगाला बसणारं जाकीट बरं. पिशवीचं पावसाळी आवरण दोरीने बांधा, नाहीतर ते समुद्रात शोधावं लागेल. टोपीला हनुवटीखाली बंद हवा, डोळ्यांना बाजूंनी झाकणारा चष्मा. आपुलियाजवळ वाळूच्या टेकड्यांवर जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथे वाळू गालांवर सुयांसारखी टोचते.

गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, इथेच बरेच जण फसतात. तोंड उत्तरेला, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य पाठीमागे आणि दुपारनंतरचा डाव्या हाताला. क्रीम नाकाला लावून भागत नाही; मान, पोटऱ्या आणि डावा कान आधी भाजतात. तहानही लागल्यासारखी वाटत नाही, तेव्हा ठरवून पाणी प्या.

समोरच्या वाऱ्यात पावलं लहान टाका आणि रोजच्या अंतरात सरळ कपात करा. आडवा वारा जास्त त्रासाचा. व्हियाना दो कास्तेलोला शिरताना लिमा नदीवर आयफेलच्या कंपनीचा 1878चा लोखंडी पूल लागतो. अर्ध्या किलोमीटरहून लांब, पायवाट अरुंद, शेजारून गाड्या. काठ्या मिटवून पिशवीत घाला, मोबाईल खिशात, आणि पुलावर फोटोसाठी थांबू नका. स्पेनमध्ये आ ग्वार्दा ते बायोना हा भागही तसाच उघडा आहे. ट्रक बाजूने जाताना वारा क्षणभर अडतो आणि लगेच धक्का देतो, म्हणून तेवढ्यापुरतं पाय रोवून उभं राहा.

कामिन्या गावी पोर्तुगाल-स्पेन सीमेवरची मिन्यो नदी ओलांडायची असते. छोट्या बोटी भरती-ओहोटी आणि हवामान पाहून सुटतात, तेव्हा आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. बंद असतील तर नदीकाठाने आत व्हालेंसापर्यंत जा आणि 1886च्या पुलावरून स्पेनमधल्या तुईला पोहोचा. दिवस जास्त लागेल, पण तिथून कामिनोची दुसरी, आतल्या भागातून जाणारी ‘मध्यवर्ती’ वाट धरता येते आणि ती रेदोंदेलाला किनारी वाटेला मिळतेच.