सिस्को राउटरची फ्लॅश मेमरी: नवी आयओएस कशी चढवावी, जुनी कधी काढावी

चालू राउटरच्या फ्लॅशमधून (वीज गेली तरी टिकणाऱ्या साठवणीतून) आयओएसची, म्हणजे सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टमची, फाइल डिलीट केली तरी लगेच काहीच बिघडत नाही. इंटरनेट चालतं, व्हीपीएन चालतं, कुणाचा फोन येत नाही. सुरू होतानाच राउटर ती फाइल उलगडून रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, घेतो आणि पुढे रॅममधूनच चालतो. घोटाळा कळतो तो वीज गेल्यावर. मुंबईत वीज सहसा जात नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी १० च्या सुमारास वीज गेली आणि काही भागांत ती परत यायला कित्येक तास लागले. तेवढा वेळ ऑफिसातला छोटा यूपीएस तग धरत नाही. अशा वेळी फ्लॅशमध्ये धड फाइल नसेल, तर वीज आली तरी राउटर उठणार नाही.

म्हणून चालण्याची खात्री असलेली एक प्रत राउटरबाहेर आणि एक राउटरमध्ये असल्याशिवाय फ्लॅशमधून काहीही काढू नका. बाकीच्या पायऱ्या याच नियमाभोवती आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

आधी बघा, मग हात लावा

'शो व्हर्जन' द्या. त्यात 'सिस्टम इमेज फाइल इज' या शब्दांपुढे राउटर सध्या कोणत्या फाइलवर चालतोय ते दिसेल. ते नाव लिहून ठेवा. त्याच पानावर मेमरीचे दोन आकडे तिरप्या रेघेने जोडलेले असतात. सिस्कोच्या १८४१ मॉडेलवर ते २३६५४४के आणि २५६००के असे दिसले, तर दोन्हींची बेरीज करा: २६२१४४के, म्हणजे २५६ एमबी रॅम. नव्या आयओएसला रॅम किती लागते तेही तपासा. नुसती फ्लॅश पुरून भागत नाही, आणि नेमकं हेच बरेच जण विसरतात.

मग 'शो फ्लॅश:' द्या. फाइलींची यादी येते आणि एकूण किती बाइट आहेत, त्यातले मोकळे किती, तेही कळतं. फाइलचं नाव वाचायला शिका, कारण त्यात बरंच काही दडलेलं असतं. सुरुवातीला 'सी१८४१' असेल तर ती फाइल १८४१ साठीचीच आहे, २८११ वर ती चालणार नाही. नावात 'के९' म्हणजे एन्क्रिप्शनची सोय आहे. 'एमझेड' मधला 'एम' सांगतो की ती रॅममधून चालते आणि 'झेड' सांगतो की ती दाबून लहान केलेली आहे. पुढे '१२४-२४.टी' म्हणजे आवृत्ती १२.४(२४)टी.

बॅकअप

लॅपटॉप राउटरला केबलने थेट जोडा, त्यावर टीएफटीपीडी६४ सारखा टीएफटीपी (फाइल पाठवण्याची साधी पद्धत) सर्व्हर चालू करा आणि राउटरवरून लॅपटॉपला पिंग जातंय का, म्हणजे लॅपटॉपकडून उत्तर येतंय का, ते बघा. पिंग जातं पण कॉपी होत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा विंडोजच्या फायरवॉलने टीएफटीपीसाठी लागणारं यूडीपी पोर्ट ६९ अडवलेलं असतं. मग 'कॉपी फ्लॅश: टीएफटीपी:' देऊन चालू फाइलची प्रत लॅपटॉपवर घ्या. कॉन्फिगरेशन, म्हणजे राउटरच्या सेटिंग, एनव्हीरॅम नावाच्या वेगळ्या मेमरीत असतं, फ्लॅशमध्ये नाही, त्यामुळे 'कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग टीएफटीपी:' वेगळं द्यावं लागतं.

टीएफटीपीची एक अडचण माहीत असू द्या. मूळ पद्धतीत तो ५१२ बाइटचे तुकडे पाठवतो आणि तुकड्याचा क्रमांक १६ बिटांत मावावा लागतो, त्यामुळे जुने सर्व्हर ३२ एमबीच्या आसपास अडकतात. फाइल त्याहून मोठी असेल तर एफटीपी किंवा एससीपी या फाइल पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धती वापरा.

नवी फाइल चढवणं

'कॉपी टीएफटीपी: फ्लॅश:' द्या, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव सांगा. इथे काही राउटर विचारतात, 'इरेज फ्लॅश: बिफोर कॉपिंग?' सवयीने एंटर दाबलात तर उत्तर 'हो' धरलं जातं आणि अख्खी फ्लॅश पुसली जाते. 'एन' टाइप करा, मगच एंटर. स्क्रीनवर उद्गारचिन्हं येऊ लागली की फाइल उतरतेय. नुसते टिंब यायला लागले तर सर्व्हरकडून उत्तर येत नाही.

उतरली म्हणजे नीट उतरली असं नाही. 'व्हेरिफाय /एमडी५ फ्लॅश:' आणि पुढे फाइलचं नाव द्या. येणारी ३२ अक्षरं, म्हणजे फाइलची एमडी५ ओळखखूण, सिस्कोच्या डाउनलोड पानावरच्या एमडी५शी शेवटपर्यंत जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती फाइल काढा आणि पुन्हा उतरवा.

बूटची ओळ आणि रीलोड

कॉन्फिग मोडमध्ये (जिथे सेटिंग बदलता येतात) आधीच्या 'बूट सिस्टम' ओळी 'नो' लावून काढा; कोणत्या फाइलवर सुरू व्हायचं ते राउटरला याच ओळी सांगतात. मग नव्या फाइलची ओळ आधी आणि जुन्या फाइलची तिच्याखाली द्या. राउटर त्याच क्रमाने प्रयत्न करतो, म्हणून नवी चालली नाही तर जुनी हाताशी राहते. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' विसरू नका. 'शो व्हर्जन'च्या शेवटी कॉन्फिगरेशन रजिस्टर असतो, म्हणजे राउटरने कसं सुरू व्हायचं ते ठरवणारा आकडा. त्यात २१०२ हवं. २१४२ असेल तर राउटर तुमचं कॉन्फिगरेशन न वाचताच उठेल.

रीलोड, म्हणजे राउटर पुन्हा सुरू करणं, रात्री करणार असाल तर कन्सोल केबल (लॅपटॉप थेट राउटरच्या कन्सोलला जोडणारी) घेऊन कुणीतरी तिथे हजर असायला हवं. राउटर वाशीला आणि तुम्ही विरारला, असं असेल तर मध्यरात्रीनंतर काही तास लोकलही नसते. मी अशा वेळी रीलोड पुढे ढकलायलाच सांगते.

आता जुनी फाइल

नवी आयओएस काही दिवस नीट चालली की मगच 'डिलीट फ्लॅश:' द्या. जागा पुरत असेल तर जुनी राहू द्या, तिचा काही त्रास नाही. जागा हवीच असेल तर आधी 'क्रॅशइन्फो' नावाच्या, राउटर कोलमडल्याच्या नोंदींच्या, फाइली काढा, त्या तपासून झाल्या असतील तर. 'व्हीलॅन.डॅट' ला मात्र हात लावू नका, स्विच मोड्यूल असलेल्या राउटरवर व्हीलॅनची (एकाच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांची) माहिती तिच्यातच असते. अगदी जुन्या मॉडेलांवर डिलीट केलेली फाइल फक्त खूण करून ठेवलेली असते. 'स्क्वीझ फ्लॅश:' दिल्याशिवाय जागा सुटत नाही.

राउटर उठलाच नाही तर

स्क्रीनवर 'रॉममॉन' आलं, म्हणजे आयओएस सुरू न होता राउटर त्याच्या छोट्या प्राथमिक प्रोग्राममध्येच थांबला, तर घाबरू नका. 'डीआयआर फ्लॅश:' देऊन एखादी चालणारी फाइल दिसली तर 'बूट फ्लॅश:' आणि तिचं नाव द्या. फाइलच नसेल तर टीएफटीपीने फाइल आणणारी 'टीएफटीपीडीएनएलडी' ही कमांड आहे, पण ते फ्लॅशमधलं सगळं पुसून नवी फाइल टाकतं, हे लक्षात ठेवा. एक्समोडेम या जुन्या पद्धतीने कन्सोल केबलवरूनही फाइल पाठवता येते. मात्र सेकंदाला ९६०० बिट या वेगाने ३० एमबीला ९ तासांच्या आसपास लागतात, ११५२०० ला पाऊण तास. १८४१ किंवा २८११ असेल तर यापेक्षा सोपं काम आहे: राउटर बंद करून काँपॅक्ट फ्लॅश कार्ड बाहेर काढा आणि कार्ड रीडर लावून बॅकअपमधली फाइल थेट त्यावर कॉपी करा. असा रीडर लॅमिंग्टन रोडला मिळतो. तो आधीच घेऊन ठेवा.