गोलकीपरला गोल करायचा असेल तर

नव्याने ग्लव्हज घालणारी मुलंमुली फुटबॉलच्या सरावाला येऊ लागली की थोड्याच दिवसांत विचारतात, “आम्हाला फ्री किक कधी मारायला मिळेल?” हा प्रश्न मला मनापासून आवडतो. गोलपोस्टमध्ये उभं राहूनही ज्याला समोरच्या जाळीची ओढ आहे, त्याचं खेळाकडे नीट लक्ष आहे. मी स्वतः पेनल्टी मारल्या आहेत, शेवटच्या मिनिटांत कॉर्नरसाठी पुढे धावलोही आहे. त्यावरून सांगतो: गोल करणं गोलकीपरला शिकता येतं, पण त्यातला निम्मा अभ्यास परत कसं यायचं याचा असतो.

ब्राझीलचा गोलकीपर रोजेरियो सेनी १९९० ते २०१५ साओ पावलो या एकाच क्लबकडे होता आणि त्याच्या नावावर १३१ गोल आहेत. शंभरावा गोल मार्च २०११ मध्ये कोरिंथियन्सविरुद्ध फ्री किकवर झाला. त्याचे जवळजवळ सगळे गोल फ्री किक आणि पेनल्टीवरचे आहेत. पराग्वेचा गोलकीपर होसे लुईस चिलावर्टने १९९९ मध्ये वेलेझ सार्सफिल्ड या क्लबकडून एकाच सामन्यात तीन पेनल्टी मारून हॅटट्रिक केली. दोघांचाही भर थांबलेल्या चेंडूवर होता. नवख्यानेही तिथूनच सुरुवात करावी, कारण थांबलेला चेंडू रोज तसाच ठेवून पुन्हा पुन्हा मारता येतो.

यात आपल्याला एक फायदाही आहे. समोरचा गोलकीपर कधी फसतो हे आपल्याइतकं कुणाला कळणार? पेनल्टी मारताना मी त्याच्या गुडघ्यांवर नजर ठेवतो. वजन एका पायावर गेलं की त्या बाजूला झेप घेणं त्याला भागच पडतं. फ्री किकच्या वेळी चेंडूसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या खेळाडूंच्या भिंतीमुळे त्याला चेंडू उशिरा दिसतो, आणि त्याच्या पुढ्यातच टप्पा पडला तर धरायचा की ढकलायचा हे ठरवायलाही वेळ उरत नाही. आपल्याला कुठले चेंडू छळतात याची यादी मनात असतेच. तेच मारायला शिकायचं. मात्र हा सराव झेप, पकड आणि क्रॉस (बाजूने बॉक्समध्ये येणारे उंच चेंडू) यांचा सराव संपल्यावर. संघात निवड हातांवर होते, आणि तसंच असायला हवं.

सामन्यातली पहिली संधी मागायची ती पेनल्टी शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी सुटावी म्हणून दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारतात तेव्हा. तिथे चेंडू अडला तरी प्रतिहल्ला होत नाही, त्यामुळे परतीची धावपळच नाही. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या रिकार्डोने इंग्लंडच्या डॅरियस व्हॅसेलची पेनल्टी ग्लव्हज काढून अडवली आणि लगेच पुढची स्वतः मारून सामना जिंकून दिला. मला हा प्रसंग फार प्रिय आहे.

चालू सामन्यातली गोष्ट वेगळी. जर्मन गोलकीपर हान्स-योर्ग बुट पेनल्टीचा पक्का होता. २००४ मध्ये शाल्केविरुद्ध त्याने लेव्हरकुसेनसाठी पेनल्टीवर गोल केला आणि सहकाऱ्यांचं अभिनंदन घेत तो परत निघाला. तो गोलपोस्टपाशी पोहोचण्याआधीच शाल्केने खेळ सुरू केला आणि माइक हांकेने मध्यरेषेपासून थेट मारलेला चेंडू रिकाम्या जाळीत गेला. लेव्हरकुसेन ३-२ ने जिंकलं म्हणून निभावलं. किक-ऑफवरून, म्हणजे गोलनंतर मध्यावरून खेळ पुन्हा सुरू करताना, थेट गोल होऊ शकतो, हा नियम प्रत्येक गोलकीपरने पाठ करावा. गोल झाला की आधी पळत मागे, आनंद आपल्या बॉक्समध्ये.

कॉर्नरला पुढे जाण्याचा हिशेब सोपा आहे. बाद फेरीत एका गोलने मागे असाल आणि मिनिटभर उरलं असेल तर जा. आणखी एक गोल खाल्ला तरी निकाल तोच. बरोबरीने काम भागत असेल तर जागा सोडू नका. पुढे गेल्यावर घोळक्यात घुसू नका, थोडं मागे थांबून उशिरा धाव घ्या. बचाव करणाऱ्यांनी आपापले खेळाडू आधीच वाटून घेतलेले असतात आणि तुम्ही कुणाच्याच वाटणीत नसता. १६ मे २०२१ ला वेस्ट ब्रॉमविरुद्ध लिव्हरपूलचा गोलकीपर अलिसनने ९५ व्या मिनिटाला हेडर मारला आणि संघ २-१ ने जिंकला. क्लबच्या इतिहासात गोलकीपरने केलेला तो पहिलाच गोल. त्यातही अशी मोकळी जागा होती.

आपल्या टोकाहून मारलेला लांब चेंडू मात्र वारा आणि टप्प्यावर सोडून द्यावा. गोलकीपर टॉम किंगचा २०२१ मधला ९६.०१ मीटरचा गोल तसाच झाला. त्याचा वेगळा सराव करण्यात मला अर्थ वाटत नाही. आणि हाताने फेकलेला चेंडू थेट समोरच्या जाळीत गेला तरी २०१९ पासून गोल धरत नाहीत, समोरच्या संघाला गोल किक मिळते.

कोचकडे फ्री किक मागायला जाल तेव्हा एक उत्तर तयार ठेवा. चेंडू भिंतीला लागून परत आला तर आपल्या गोलसमोर कोण धावेल, आणि चेंडूवाल्याला तिथल्या तिथे कोण अडवून धरेल? ही दोन नावं त्या खेळाडूंशी आधी बोलून ठरवा. सराव सामन्यात मुद्दाम भिंतीवर चेंडू मारून ते दोघं वेळेत पोहोचतात का ते पाहा, मग कोचला दाखवा.